चाकांवरचा संसार आणि हंगामाची रोजी

अमेरिकेत कित्येक कुटुंबे मोटारघरात (तिकडे त्याला आरव्ही म्हणतात) संसार थाटून हंगामामागे फिरतात. साठी ओलांडलेलेही त्यांत पुष्कळ. ऑक्टोबर लागला की नॉर्थ डाकोटा-मिनेसोटाच्या सीमेवर साखरबीटची काढणी. पाळी बारा तासांची, पण गाडीला जागा, वीज, पाणी मालकाकडून. उन्हाळ्यात सरकारी उद्यानांतील तंबूतळांची देखभाल. तेथे कित्येकदा जागा हीच मजुरी, रोख एक पैसा नाही! आम्हाला हे पटत नाही. जत्रेत कापडाचे पाल ठोकणारे आम्ही. जागा फुकट मिळाली तर खर्च वाचला म्हणतो, कमाई झाली म्हणत नाही. डिझेल, टायर आणि दोन हंगामांमधले रिकामे आठवडे कशातून भागवायचे? निघण्यापूर्वीच तास, दर, जागा कागदावर लिहून घ्यावी. पावसाने बीटची काढणी थांबते, त्या दिवसाच्या मजुरीचे काय, हेही तेव्हाच विचारावे.