गिऱ्हाइकाच्या वायफायची चावी गिऱ्हाइकाकडेच द्या

लॉज-हॉटेलात युनिफायचे ॲक्सेस पॉइंट बसवणारे बरेच जण कंट्रोलर सॉफ्टवेअर आपल्याच लॅपटॉपवर ठेवतात. लॅपटॉप उडाला तरी वायफाय चालूच राहतं. अडचण कळते ती पासवर्ड बदलायच्या दिवशी.

बॅकअप फाइल असेल तर नव्या कॉम्प्युटरवर कंट्रोलर टाका (व्हर्जन तेच किंवा नवं), फाइल रिस्टोर करा, आयपी जुनाच ठेवा. काम झालं. फाइल नाही, पण डिव्हाइसचा एसएसएच पासवर्ड आहे? तरी नव्या कंट्रोलरला जोडता येतं. दोन्ही नसेल तर शिडी लावा, प्रत्येकाचं रिसेट बटण 10 सेकंद दाबा अन् सगळी सेटिंग पुन्हा करा.

पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की आपला आलापल्लीचा रस्ता बंद. तेव्हा भामरागडात शिडी घेऊन कोण येणार?

काही जण पासवर्ड मुद्दाम देत नाहीत, गिऱ्हाईक बांधून राहतं म्हणे. मला हे अजिबात पटत नाही. पैसे त्याचे, चावी त्याची. बिलासोबत बॅकअप पेनड्राइव्हवर द्या, पासवर्ड कागदावर. (कागद राउटरला चिकटवू नका!) सेटिंग बदलली की नवी फाइल द्या, त्याचे वेगळे पैसे बिनधास्त घ्या.