खास पत्ते आणि हाताचा अहंकार

पत्त्यांची जादू करणाऱ्यांत एक सोवळे फार जुने आहे. दोन्ही बाजूंना पाठ छापलेला पत्ता, दोन्ही बाजूंना चेहरा असलेला पत्ता, केसभर तोकडा कापलेला पत्ता किंवा अख्खा खास बनवलेला कॅट, यांतले काही हातात घेतले की कलावंत बाटला! खरा जादूगार म्हणे तोच, जो यजमानाच्या घरचा कॅट मागून घेतो आणि दहा बोटांवर खेळ उभा करतो. या पूर्वपक्षाचे आक्षेप तीन: खास पत्त्याला कसब लागत नाही, तो प्रेक्षकाच्या हाती देता येत नाही, आणि दुकानात पैसे टाकून तो कोणालाही मिळतो.

मला हा दंडक मुळात जुगाराच्या टेबलावरचा वाटतो. १९०२ साली एस. डब्ल्यू. एर्डनेस या टोपणनावाने निघालेले ‘द एक्स्पर्ट अ‍ॅट द कार्ड टेबल’ आजही हातचलाखीचे पाठ्यपुस्तक मानले जाते, आणि त्याचा मोठा भाग जुगारातल्या लबाडीला वाहिलेला आहे. लबाड जुगाऱ्याच्या दृष्टीने खास पत्ता म्हणजे आयता पुरावा. तो सापडला की डाव गेला आणि हाडेही गेली. त्याने तो टाळला हे शहाणपणच. पण जादूगारासमोरची माणसे आपण फसणार हे जाणूनच बसलेली असतात. जुगाऱ्याची खबरदारी जादूगाराने नीती म्हणून का मिरवावी?

आता कसबाचे. दोन्ही बाजूंना पाठ असलेला पत्ता उलटताच येत नाही. तो कॅटमध्ये बेमालूम आणायचा, पिसताना सांभाळायचा, नेमक्या क्षणी वापरायचा आणि कोणी हात पुढे करण्याआधी बाहेर काढायचा, हे सारे बोटांनाच करावे लागते. दुसऱ्या आक्षेपाचे उत्तरही यातच आहे. शिवाय प्रेक्षक पत्ते तपासायला मागतो तो बहुधा जादूगारानेच ‘बघा हं, साधाच कॅट आहे’ असे सांगून संशय पेरल्यावर.

शुद्धतावादी अर्जेंटिनाच्या रेने लाव्हांदचे नाव घेतात. वयाच्या नवव्या वर्षी उजवा हात गमावलेला हा माणूस एका डाव्या हाताने साध्या पत्त्यांची थक्क करणारी जादू करी. त्याला नमस्कारच. पण एकाच हाताचा आणखी एक जादूगार होता, अमेरिकेचा मॅक मॅकडोनल्ड. त्याच्या खेळात एकेक एक्का डोळ्यांदेखत नाहीसा होऊन शेवटी सगळे एकत्र सापडतात. त्यात खास पत्ते आहेत, आणि १९५७ च्या ‘डाय व्हर्नन बुक ऑफ मॅजिक’मध्ये छापून आल्यापासून जगभरचे दोन हातांचे जादूगार तो खेळ करत आले आहेत. दोघांपैकी एकाला कलावंत आणि दुसऱ्याला लबाड ठरवायचे ते कोणत्या न्यायाने?

ज्याच्या नावाचे हे पुस्तक, तो खुद्द व्हर्नन तर हस्तलाघवाचा महर्षी. कॅटच्या मधूनच पत्ता वाटणाऱ्या एका जुगाऱ्याच्या शोधात तो १९३२ मध्ये मिसूरीतल्या एका लहानशा गावी जाऊन थडकला होता. त्याच व्हर्ननचा ‘ब्रेनवेव्ह’ हा सर्वस्वी खास कॅट १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रेक्षकाने मनात येईल तो पत्ता सांगायचा, समजा चौकट नव्वी. कॅट पसरला की तेवढा एकच पत्ता उलटा दिसतो, आणि त्याची पाठही वेगळ्या रंगाची निघते. बोटांची मर्यादा त्याच्याइतकी कोणाला ठाऊक असणार? जिथे ती संपते तिथे त्याने खास पत्त्यांची मदत घेतली. त्याच्याही आधी व्हिएन्नाचा योहान नेपोमुक होफ्झिन्सर (१८०६–१८७५) पत्ते सोलून, चिकटवून हवे तसे घडवत होता; पत्त्यांच्या जादूला कलेची प्रतिष्ठा देणाऱ्यांत त्याचे नाव पहिल्या ओळीत येते.

तिसऱ्या आक्षेपात मात्र तथ्य आहे. विकतचा कॅट घेऊन संध्याकाळी पाहुण्यांना तीच एक करामत चारदा दाखवणारे महाभाग आहेतच. खास पत्त्याची पाठ बाकीच्या कॅटशी तंतोतंत जुळावी लागते, म्हणून परदेशी ‘बायसिकल’ छापाच्या कॅटची पाठ असलेला पत्ता आपल्या घरच्या प्लास्टिकच्या कॅटमध्ये कवडीच्या कामाचा नाही. नवशिक्याने आधी साध्या कॅटवर हात बसवावा, हेही मान्य. पण हा दोष आळसाचा आणि अपुऱ्या तयारीचा आहे. वाईट हातचलाखीही रोज पाहायला मिळते. तेवढ्यावरून कोणी बोटे निषिद्ध ठरवत नाही.

प्रेक्षकाला बोटांची मेहनत दिसता कामा नये, हे शुद्धतावादीच शिकवतात. मग न दिसणारी मेहनत बोटांनी केली की छापखान्याने, याने प्रेक्षकाच्या विस्मयात काय फरक पडतो? उत्तम खेळात दोन्ही मिसळलेली असतात: पन्नास साधे पत्ते, एकदोन खास, आणि त्यांना एकजीव करणारा हात. म्हणून खास पत्त्याबद्दल प्रश्न एकच विचारावा: हाच परिणाम साध्या कॅटने इतक्याच स्वच्छपणे साधतो का? साधत असेल तर खास पत्ता खिशातच ठेवावा. साधत नसेल, तर केवळ बोटांच्या अभिमानापायी प्रेक्षकाला कमी प्रतीची जादू दाखवणे हाच कलेशी अप्रामाणिकपणा आहे.