विरोधकाशी बोलावे कसे?

मोबाईलवर राजकारणाचा विषय निघाला म्हणजे आपली वाणी कोणत्या थरास जाते, हे आपण पाहतच आहात. रिपब्लिकन पक्ष १९५७ साली स्थापन झाला. पुढे त्याचे गट पडले. आज एका गटाचा तरुण दुसऱ्यास ‘गद्दार’, ‘विकाऊ’ म्हणून मोकळा होतो, मुद्द्याला मात्र हातही लावीत नाही. शंका विचारणारी आपली लेक तेथे पुन्हा तोंड उघडील काय? सम्यक् वाचा केवळ विहारापुरतीच, असे कोणी सांगितले?

बाबासाहेबांची टीका जहाल असे, हे खरे. पण ती पुराव्यानिशी असे. १७ डिसेंबर १९४६ रोजी घटना समितीत बोलताना, लोकांना भिवविणारे शब्द बाजूस ठेवा, विरोधकांच्या पूर्वग्रहांनाही थोडी सवलत द्या, असे त्यांनी बहुमतवाल्यांनाच विनविले. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात तर त्यांनी आपल्या मसुद्यावर सतत हरकती घेणारे ह. वि. कामत, के. टी. शहा, हृदयनाथ कुंझरू यांचे नावे घेऊन आभार मानले. त्यांच्या सर्व सूचना त्यांनी स्वीकारल्या नव्हत्या, हे विशेष!

याचा अर्थ जातिवाचक अपमान निमूटपणे गिळावा, असा मुळीच नव्हे. तो मतभेद नसून गुन्हा आहे. तेथे उलट शिवी देत बसू नये. मजकूर पुरावा म्हणून जपावा आणि १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली पोलीस ठाण्यात फिर्याद नोंदवावी.