मुलाचा जुना कॉम्प्युटर : सुधारावा की बदलावा?

भिवंडीच्या कापड बाजारात आमच्या ओळखीची बरीच घरे अशी आहेत, जेथे २०१७-१८ च्या सुमारास मुलाच्या हट्टाखातर खेळाचा कॉम्प्युटर घेतला गेला. तेव्हा शाळेत असलेला मुलगा आता दुकानात बसू लागला आहे, यंत्र धाकट्याच्या ताब्यात गेले आहे आणि धाकटा म्हणतो, हे आता चालत नाही. बाजारात चौकशी केली तर एकच उत्तर मिळते : जुने काढून टाका, नवीन घ्या. आकडा ८० हजारांच्या खाली येत नाही. आजच्या मंदीत ८० हजार ही लहान रक्कम नाही. म्हणून या प्रश्नाचा व्यापारी दृष्टीने विचार व्हावा, असे आम्हास वाटते.

आमची तालीम उर्दू माध्यमात झाली आणि शाळेत असताना आम्ही कॉम्प्युटर पाहिलाही नव्हता. परंतु जुने यंत्र सुधारावे की भंगारात द्यावे, हा प्रश्न भिवंडी-मालेगावच्या माणसाला नवा नाही. साध्या यंत्रमागाला बाणा तुटताच माग थांबवणारी यंत्रणा बसवावी की माग विकून रॅपिअर घ्यावा, यावर आमच्या पिढीने वर्षे घालवली. २०१७ मध्ये पॉवरटेक्स इंडिया योजनेत केंद्र सरकारने अशा सुधारणेसाठी अनुदानही दिले. त्या वेळी जाणती माणसे विचारत : आज यावर घातलेला पैसा उद्या नव्या मागावर नेता येईल का? आमच्या मते कॉम्प्युटरलाही हाच प्रश्न लावावा.

कॉम्प्युटर हे एक यंत्र नसून सात-आठ यंत्रांचे कडबोळे आहे. मॉनिटर, एसएसडी, वीज पुरवणारा एसएमपीएस आणि ग्राफिक्स कार्ड हे भाग उद्या नव्या यंत्रात जाऊ शकतात. मदरबोर्ड आणि प्रोसेसर यांची मात्र जोडी असते. बोर्डाचा सॉकेट ठरावीक पिढ्यांचेच प्रोसेसर घेतो. जुन्या बोर्डासाठी घेतलेला प्रोसेसर त्या बोर्डाबरोबरच संपतो.

दोन उदाहरणे घेऊ. पहिले यंत्र २०१७ चे, इंटेलच्या सातव्या पिढीचा आय-५ ७४०० असलेले. त्याच्या बोर्डावर जास्तीत जास्त त्याच पिढीचा आय-७ बसतो. आठव्या पिढीचा प्रोसेसर सॉकेट दिसायला सारखा असूनही त्या बोर्डावर चालत नाही. शिवाय हा प्रोसेसर विंडोज ११ च्या मान्य यादीत नाही. म्हणजे जुन्या बाजारातून आय-७ आणून बसवणे म्हणजे पडक्या भिंतीला रंग देणे होय. दुसरे यंत्र २०१८ चे, एएमडीचा रायझन ५ २६०० आणि बी-४५० बोर्ड असलेले. दिसायला दोन्ही सारखीच जुनी. परंतु एएमडीने आपला एएम-४ सॉकेट अनेक वर्षे चालू ठेवला. त्याच बोर्डाचे बायोस अद्ययावत केल्यास ५६०० किंवा ५७००एक्स३डी सारखे पुढच्या पिढीचे प्रोसेसर बसतात, आणि जुनी मेमरी तशीच राहते. येथे सुधारणा करणाराच शहाणा. फक्त बायोसचे काम जुना प्रोसेसर बसलेला असतानाच करून घ्यावे, नाही तर नवा प्रोसेसर लावल्यावर पडदा काळाच राहण्याचा संभव आहे. हा भेद समजावून सांगण्याची फुरसत दुकानदाराला नसते. त्याच्या दृष्टीने दोन्ही गिऱ्हाईके ८० हजारांचीच.

आता मेमरीचे पाहू, कारण २०२५ च्या अखेरीपासून सगळा हिशोबच तिने बदलला आहे. एआयच्या डेटा सेंटरांसाठी मोठ्या कंपन्यांनी मेमरीची इतकी उचल केली की काही महिन्यांत भाव दुपटीच्या वर गेले. मायक्रॉन कंपनीने तर डिसेंबर २०२५ मध्ये सामान्य ग्राहकांसाठीचा आपला ‘क्रुशल’ हा छाप बंद करण्याचे जाहीर केले. एएमडीच्या नव्या एएम-५ बोर्डाला डीडीआर-५ मेमरीच लागते. ज्यांच्या घरी १६ किंवा ३२ जीबी डीडीआर-४ पडून आहे, त्यांच्याकडे जुन्या भावाचा माल गोदामात आहे असे समजावे. सूत महागले असता गोदामातला जुना साठा कोणी भंगारात देतो काय? पहिल्या, म्हणजे सातव्या पिढीच्या यंत्राच्या मालकालाही यातून मधला मार्ग सापडतो. बोर्ड आणि प्रोसेसर ही जोडी बदलावी, पण डीडीआर-४ घेणारा बोर्ड निवडावा. इंटेलच्या बाराव्या पिढीसाठी असे बोर्ड निघाले, एएम-४ चे तर आहेतच. पेटी, मेमरी, डिस्क, कार्ड सर्व जुनेच ठेवता येते. खर्च नव्या यंत्रापेक्षा पुष्कळ कमी येतो.

परंतु बाजारात जाण्यापूर्वी दुखणे कोठे आहे ते पाहावे. मुलाला सांगावे की व्ही-सिंक बंद ठेवून खेळाचे रिझोल्युशन १०८० वरून ७२० वर आण. चित्राचा वेग बराच वाढला तर अडचण ग्राफिक्स कार्डाची. वाढला नाही तर प्रोसेसरची. या चाचणीला एक पैसा लागत नाही. यंत्र पहिला अर्धा तास बरे चालून मग रखडत असेल, तर बहुधा ते तापत आहे. आमच्या गावात हे फार होते. मागाच्या सुताची धूळ पंख्यात आणि जाळीत नमद्यासारखी बसते. ब्लोअरने साफ करून प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट बदलली की अनेक ‘म्हातारी’ यंत्रे तरुण होतात. आणि ज्यांच्याकडे अद्याप फिरती हार्ड डिस्क आहे, त्यांनी आधी एसएसडी बसवावी.

मुलगा नेमके काय खेळतो, हेही बापाने विचारले पाहिजे. व्हॅलोरंटसारखा खेळ जुन्या कार्डावरही उत्तम चालतो. मात्र २०२४ चा इंडियाना जोन्स किंवा २०२५ चा डूम : द डार्क एजेस यांना रे-ट्रेसिंगची सोय असलेले कार्डच लागते. जीटीएक्स १०६० वर त्यांचा निभाव लागत नाही. एनव्हिडियाने त्या १० मालिकेसाठी नव्या खेळांच्या सुधारणा ऑक्टोबर २०२५ नंतर थांबवल्या आहेत. कार्ड घेतलेच तर ते पुढच्या यंत्रात जाईल, म्हणून तो पैसा वाया नाही. पण आधी स्वस्तातला बिनछापाचा एसएमपीएस बदलावा. वापरलेले कार्ड घेताना अधिक सावध राहावे. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमची पद्धत बदलल्यावर रात्रंदिवस राबलेली कार्डे पुसून-पासून बाजारात आली होती. बिल आणि उरलेली वॉरंटी पाहिल्याशिवाय सौदा करू नये.

आता पैशाचे. ‘नो कॉस्ट’ हप्त्याला अनेकजण भुलतात. त्यात व्याज असतेच, ते सवलतीच्या रूपाने वळते केलेले असते आणि व्याजावरील जीएसटी ग्राहकाच्या माथी पडतो. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच शून्य टक्के व्याजाच्या योजनांवर आक्षेप घेतला होता. ज्यांना व्याजापासून दूर राहायचे आहे, त्यांनी रोख भावाची विचारणा करून दोन्ही आकडे समोरासमोर ठेवावेत. दुसरी एक सवय आमच्या बाजारात दिसते, ती आम्हास बिलकूल मान्य नाही. मुलाचा कॉम्प्युटर दुकानाच्या नावावर घेऊन १८ टक्के जीएसटीचे क्रेडिट उचलायचे आणि वर्षाला ४० टक्के घसारा लावायचा. घरगुती वापराच्या वस्तूवर असे क्रेडिट मिळत नाही. तपासणी झाली तर वाचवलेल्या पैशाहून अधिक जाईल.

राहिला प्रश्न जुन्या यंत्राचा. नवीन घेतले की जुने दुकानाच्या गल्ल्याजवळ आणून ठेवायचे, त्यावर बिले आणि बँकेचे व्यवहार करायचे, ही पद्धत सर्रास आहे. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती ग्राहकांना मायक्रोसॉफ्टने देऊ केलेली सुरक्षेची वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची होती. असे यंत्र घरात खेळायला ठेवा, धाकट्या पोरांना द्या, आमची हरकत नाही. पण ज्या यंत्रावरून रोज लाखाची देवघेव होते, ते विंडोज ११ च्या यादीतले असले पाहिजे. आणि यंत्र कोणाला विकणारच असाल, तर डिस्क काढून आपल्याजवळ ठेवा. तिच्यात मुलाचे खेळ असतील तसे तुमच्या पार्ट्यांचे हिशोबही असतील.