अभ्यासिकेतले संगणक आणि एक टिंब



आमच्या विहारालगतच्या अभ्यासिकेत चार जुने संगणक आहेत. त्यांवर उबंटू ही फुकट मिळणारी प्रणाली बसविली आहे. तिच्या दुरुस्त्या आपोआप घेण्याची सोय ऐन अर्जाच्या वेळी नेट खाई, म्हणून कुणीतरी ती बंद करून ठेवली होती. तेव्हा मी दोन ओळींची आज्ञावली लिहिली. आधी 'अ‍ॅप्ट अपडेट', मग 'अ‍ॅप्ट अपग्रेड'. पहिली नुसती नवी यादी आणते, दुसरी प्रत्यक्ष माल भरते. दुसरी मध्येच विचारते, म्हणून 'होय' म्हणण्याची खूणही जोडली. ती 'क्रॉन'च्या घड्याळाला बांधली : दर रविवारी पहाटे 3 वाजता.

तीन महिन्यांनी पाहतो तो काहीच झालेले नाही! वीजबिल वर्गणीतून भरायचे, म्हणून रात्री 10 वाजता संगणक बंद करून मेन स्विच पाडतात. क्रॉन चुकलेली वेळ भरून काढीत नाही. त्यासाठी 'अ‍ॅनाक्रॉन' हवा. तो वेळ पाहत नाही, किती दिवस झाले ते पाहतो आणि संगणक सुरू झाल्यावर राहिलेले काम उरकतो. फाईल 'क्रॉन डॉट वीकली' या फोल्डरात टाकली, तरी चालेना. फाईलच्या नावाला शेवटी 'डॉट एसएच' लावले होते आणि टिंब असलेले नाव तेथे वगळले जाते. एका टिंबाने माझा महिना खाल्ला! टिंब काढले, फाईलला चालविण्याची परवानगी दिली, तेव्हा काम मार्गी लागले.

एवढा आटापिटा कशाला, असे एका ताईंनी विचारले. 14 मार्च 2017 रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील एक खिंडार बुजविणारी दुरुस्ती दिली. 12 मे रोजी त्याच खिंडारातून 'वॉनाक्राय' शिरला आणि फाईलींना कुलूप घालून खंडणी मागू लागला. ब्रिटनच्या सरकारी इस्पितळांत शस्त्रक्रिया रद्द झाल्या. औषध दोन महिने आधीच तयार होते, पण अनेकांनी घेतले नव्हते. आमच्या संगणकांत मुलांचे जातीचे दाखले, गुणपत्रिका, शिष्यवृत्तीचे अर्ज आहेत.

आपोआप रीस्टार्ट मात्र लावला नाही. अर्ज भरता भरता संगणक बंद झाला तर त्या मुलीने काय करावे? रात्री बंद होतोच, तेवढे पुरे. दर पौर्णिमेला विहारात सगळे जमतात, तेव्हा नोंदीची फाईल उघडून शेवटची तारीख पाहिली जाते. ते काम आता दहावीतल्या एका मुलीकडे आहे.