विश्लेषण : इंग्लंडचे पहिले कृष्णवर्णीय फुटबॉलपटू व्हिव्ह अँडरसन यांची कारकीर्द आजही का महत्त्वाची?

२०२५ च्या महिला युरो स्पर्धेदरम्यान इंग्लंडची बचावपटू जेस कार्टरने वर्णद्वेषी शेरेबाजीला कंटाळून समाजमाध्यमांपासून दूर राहण्याचा निर्णय जाहीर केला. काही दिवसांनी ती अंतिम सामना खेळली आणि इंग्लंडने विजेतेपद राखले. तिच्या कितीतरी आधी याच द्वेषाला तोंड देणारे बचावपटू म्हणजे व्हिव्ह अँडरसन.

कोण आहेत अँडरसन?

जमैकाहून आलेल्या कुटुंबात १९५६ मध्ये नॉटिंगहॅम येथे त्यांचा जन्म झाला. उजव्या बगलेचे बचावपटू म्हणून ते नॉटिंगहॅम फॉरेस्टकडून चमकले. ब्रायन क्लफ यांच्या मार्गदर्शनाखाली फॉरेस्टने १९७८ मध्ये लीग, तर १९७९ आणि १९८० मध्ये युरोपियन चषक जिंकला. पुढे ते आर्सेनल, मँचेस्टर युनायटेड आणि शेफिल्ड वेन्सडेकडून खेळले.

पहिली कॅप इतकी महत्त्वाची का?

२९ नोव्हेंबर १९७८ रोजी वेम्ब्लीवर चेकोस्लोव्हाकियाविरुद्ध त्यांनी इंग्लंडकडून पदार्पण केले. वरिष्ठ पुरुष संघाकडून खेळलेले ते पहिले कृष्णवर्णीय फुटबॉलपटू मानले जातात. त्याआधी १९२५ मध्ये प्लिमथच्या जॅक लेस्ली यांची निवड होऊनही नंतर त्यांचे नाव वगळले गेले. त्यांना मानद कॅप मिळाली ती २०२३ मध्ये, मरणोत्तर.

मैदानावर काय सोसावे लागले?

कार्लाइल येथील सामन्यात राखीव खेळाडू म्हणून सराव करताना प्रेक्षकांनी त्यांच्यावर फळे फेकली. ते बाकावर परतले, तेव्हा क्लफ यांनी त्यांना पुन्हा पाठवले आणि येताना दोन पेअर व एक केळे आणायला सांगितले, असे अँडरसन सांगतात. अशा लोकांमुळे डगमगलास तर कारकीर्द घडणार नाही, असा क्लफ यांचा रोख होता. हा किस्सा आज हसत सांगितला जातो. पण त्यात सोसण्याची सगळी जबाबदारी खेळाडूवरच होती, प्रेक्षकांना कोणीच जाब विचारत नव्हते.

आकडे काय सांगतात?

१९७८ ते १९८८ या दहा वर्षांत त्यांना ३० कॅप मिळाल्या. १९८२ आणि १९८६ च्या विश्वचषक संघांत ते होते, पण एकाही सामन्यात त्यांना उतरवले गेले नाही. निवृत्तीकडे झुकताना ते बार्न्सलीचे खेळाडू-व्यवस्थापक झाले, मात्र एकाच हंगामासाठी. त्यानंतर मिडल्सब्रोमध्ये त्यांनी ब्रायन रॉब्सन यांचे सहायक म्हणून काम केले.

कायदा कधी बदलला?

मैदानात वर्णद्वेषी घोषणा देणे हा स्वतंत्र गुन्हा ठरला १९९१ मध्ये, अँडरसन यांच्या पदार्पणानंतर १३ वर्षांनी. तोही समूहाने दिलेल्या घोषणांपुरता. एकट्याने दिलेली घोषणा १९९९ च्या दुरुस्तीनंतर त्यात आली. २०२१ च्या युरो अंतिम सामन्यात पेनल्टी हुकल्यावर रॅशफोर्ड, सँचो आणि साका यांच्यावर ऑनलाइन गरळ ओकली गेली. त्यानंतर २०२२ मध्ये अशा ऑनलाइन गुन्ह्यांसाठीही स्टेडियमबंदीची तरतूद झाली.

मग फरक काय पडला?

अँडरसन यांच्या काळात शिवीगाळ करणारा समोर दिसत असे आणि सामना संपला की बहुधा त्याचा आवाजही मागे राहत असे. आज तो खोट्या नावाआड असतो आणि खेळाडूच्या फोनमधून थेट घरात पोहोचतो. कायदा एक पाऊल पुढे टाकतो, तोवर द्वेष नवी जागा शोधतो. त्यामुळे अशा पोस्टला रिपोर्ट करायचे की ती पुढे ढकलायची, हा निर्णय आता स्क्रीनसमोर बसलेल्या प्रत्येकाचा आहे.