नथीतला मोती एवढा महाग का?

दोस्तांनो, कोल्हापुरात अंबाबाईच्या देवळाजवळची गुजरी तुम्हाला ठाऊक असेलच. लग्नसराईत आई-आजीबरोबर तिथं गेलात, तर नथीतल्या मोत्यांचा भाव विचारून बघा. दुकानदारकाका उलट तुम्हालाच विचारतील, "कसला मोती? कल्चरचा की बसऱ्याचा?" दिसायला दोन्ही सारखे, पण किमतीत जमीन-अस्मानाचा फरक! असं का बरं?

आधी मोती होतो कसा, ते पाहू. स्वाती नक्षत्रातला पावसाचा थेंब शिंपल्यात पडला की त्याचा मोती होतो, असं आजी सांगते. कल्पना सुरेख आहे, पण खरं कारण वेगळं. शिंपल्यातल्या प्राण्याच्या अंगावर एक मऊ पडदा असतो. शिंपल्याचं आतलं चकचकीत अस्तर हा पडदाच तयार करतो. एखादा बारीक परजीवी आत घुसला किंवा पडद्याला इजा झाली, तर पडद्याच्या काही पेशी आत ढकलल्या जातात आणि त्यांची इवलीशी पिशवी बनते. तिच्यात त्याच अस्तराचे थर चढत जातात, अगदी कांद्याच्या पापुद्र्यांसारखे. झाला मोती!

आता गंमत ऐका. मोती मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. अंड्याचं टरफलही त्याचंच! मग टरफल कचऱ्यात आणि मोती तिजोरीत का? एक तर मोत्यातल्या पातळ थरांमुळे येणारी झळाळी, आणि दुसरं म्हणजे दुर्मिळपणा. कोकणात आपण कालवं खातो, त्यांना असं चमकदार अस्तर नसतं. ज्यांना असतं, तसे शेकडो शिंपले उघडावेत तेव्हा कुठं एखादा चांगला मोती हाती लागायचा. तोही गोल आणि बिनडागी असेलच असं नाही.

बसरा हे इराकमधलं बंदर. पर्शियन आखातातल्या मोत्यांना आपल्याकडे त्याचं नाव पडलं. तिथले पाणबुडे नाकाला चिमटा लावून, पायाशी दगड घेऊन, एका दमात समुद्राच्या तळाशी जात. अशा मोत्यांची हौस राजेरजवाड्यांना फार. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांचा सात पदरी मोत्यांचा कंठा प्रसिद्ध होता. त्यातल्या ६८ मोत्यांची दुपदरी माळ २००७ साली न्यूयॉर्कला लिलावात ७० लाख डॉलरहून जास्त किमतीला गेली!

मग मोती स्वस्त कसा झाला? जपानच्या कोकिची मिकिमोतो यांनी १८९३ साली शिंपल्यात मुद्दाम कण घालून अर्धगोल मोती पिकवला. पुढं गोल मोतीही पिकू लागले. आपल्या देशात १९७३ साली तुतिकोरीनला हे जमलं. सामान्य माणसाला मोती घेणं परवडू लागलं. पण १९३० च्या सुमारास, त्यात जागतिक मंदीची भर पडून, आखातातला मोत्यांचा धंदा बसला आणि हजारो पाणबुड्यांची रोजीरोटी गेली.

एक लक्षात ठेवा, कल्चरचा मोती खोटा नव्हे. तोही शिंपल्यातच वाढतो. खोटा म्हणजे काचेचा किंवा प्लॅस्टिकचा. मोती दातावर अलगद घासला, तर खरा किंचित खरखरीत लागतो, खोटा गुळगुळीत. पण खरा मोती कल्चरचा की नैसर्गिक, हे दाताला कळत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत एक्स-रे काढतात. कल्चरच्या गोल मोत्याच्या पोटात बहुधा घातलेला मणी दिसतो, नैसर्गिक मोत्यात थेट आतपर्यंत थरच थर.

आईबाबांना हे जरूर वाचून दाखवा. पणजीची जुनी नथ मोडायची वेळ आलीच, तर फक्त सोन्याचं वजन करून मोकळं होऊ नका. आधी मोती तपासून घ्या. कदाचित त्या नथीत सोन्यापेक्षा मोतीच मोलाचे असतील. नथ घरातच राहणार असेल, तर मोत्यांना अत्तर आणि लिंबू-व्हिनेगर लागू देऊ नका. आंबटानं मोती विरघळतो.

का विरघळतो? अंड्याच्या टरफलाचा तुकडा व्हिनेगरमध्ये टाका आणि बघा. आजीच्या नथीवर मात्र हा प्रयोग नको हं!